बाबांना सिरॉसिस, जठरातल्या फुगलेल्या शिरेसाठी एक डॉक्टर पार्टो म्हणतात आणि दुसरे टिप्स. पुण्यात कोणी यातून गेलंय का?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे आहेत, शुगर बरीच जुनी, आणि फॅटी लिव्हरचं वाढत वाढत सिरॉसिस झालंय, म्हणजे लिव्हर कडक झालंय, हे मागच्या वर्षी कळलं. दारू त्यांनी आयुष्यात घेतलेली नाही, हे आधीच लिहून टाकते कारण भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला तोच प्रश्न विचारतो आणि बाबा मान खाली घालून बसतात, ते बघवत नाही.

गणपती झाल्यावर त्यांना एकदम रक्ताची उलटी झाली, आधी दोन दिवस शी काळीकुट्ट होत होती पण त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. रात्रीच अ‍ॅडमिट केलं, रक्त चढवलं, एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेतल्या शिरा लहान आहेत पण जठराच्या वरच्या भागात एक मोठी फुगलेली शीर आहे आणि रक्त तिथूनच आलं म्हणाले, तिच्यात ग्लूचं इंजेक्शन दिलं आणि रक्त थांबलं. रिपोर्टवर जीओव्ही २ असं लिहिलंय.

आता पुढचं. शिरा दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन सीटी केला तर त्यात मोठा गॅस्ट्रोरीनल शंट, म्हणजे जठराच्या शिरांतून किडनीच्या शिरेत जाणारी आडवाट, निघाला, १४ मिमी. पोटात थोडं पाणी आहे. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन १.८, अल्ब्युमिन ३.१, आयएनआर १.४, क्रिएटिनिन ०.९. आणि आमच्या लक्षात येतंय ते म्हणजे बाबा दिवसा झोपतात, रात्री टक्क जागे असतात, मधेच विषय सोडून भलतंच बोलतात, परवा बँकेत सही करताना हात अडखळला आणि मग स्वतःच घाबरले.

आमचे पोटाचे डॉक्टर म्हणतात शिर पुन्हा फुटायच्या आत पार्टो करून ती बंद करून घ्या. सेकंड ओपिनियनला गेलो तिथे म्हणाले की लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं प्रेशरच कमी करायला हवं, लिव्हरमध्ये स्टेंट बसवतात ते टिप्स करा. दोघंही अनुभवी, दोघंही बरे वाटले, आणि दोघांनी एकमेकांच्या उलट सांगितलं. भाऊ बंगलोरला, आई बीपीची पेशंट, निर्णय जवळपास माझ्यावर आहे. पोट न फाडता करतात एवढंच समजलंय. नक्की काय करतात, कशात काय धोका आहे, बाबांच्या डोक्याच्या त्या गोंधळाचं काय होईल, आणि खर्च कसा उभा करायचा, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

कात्रजघाट

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही सही अडखळल्याचं लिहिलंय ते दोन्ही डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर उद्याच फोन करून सांगा. माझ्या आईचं अगदी असंच होतं, आम्हाला वाटायचं वयामुळे विसरतेय, आणि शेवटी तीच गोष्ट निर्णायक ठरली.

आईचं पार्टो पुण्यातच झालं. जांघेतून बारीक नळी घातली, ती जागा तेवढी बधिर केली होती आणि थोडं झोपेचं औषध दिलं होतं, आई मधे मधे बोलत पण होती म्हणे आतल्या सिस्टरशी. टाका नाही, चीर नाही. रात्री पाय सरळ ठेवून पडायला लागलं त्याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग. नंतर डाव्या बाजूला पोटात दुखलं, थोडा ताप आला, ते होतं असं आधीच सांगितलेलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. काही दिवसांनी परत सीटी केला, शिर पूर्ण बंद झालेली दिसली.

आणि डोकं! मी हे मुद्दाम लिहितोय कारण आम्हाला याची कोणीच एवढी खात्री दिली नव्हती. आई हळूहळू पुन्हा पेपर वाचायला लागली, शब्दकोडं सोडवायला लागली, माझ्या मुलीची शाळेची फी कधी भरायची ते तिला आठवायला लागलं. पण पोटातलं पाणी वाढलं हे पण खरं, पाण्याच्या गोळ्या वाढवाव्या लागल्या आणि जेवणातलं मीठ जवळपास बंदच केलं. पापड लोणचं सुटलं याचं तिला आजही वाईट वाटतं.

भोसरीचा_पुतण्या

आमच्या काकांचं टिप्स झालंय, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

काकांचा त्रास वेगळा होता हे आधी लक्षात घ्या. त्यांच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुटायच्या, बँडिंग केलं, म्हणजे रबर लावून आवळल्या, तरी परत फुटायच्या, आणि पोटात एवढं पाणी व्हायचं की दर काही आठवड्यांनी सुईने काढायला लागायचं, पाच लिटरच्या वर काढलं की अल्ब्युमिनच्या बाटल्या लावायच्या, त्याचाच खर्च कंबर मोडणारा. वाकून चप्पल घालता येत नव्हती त्यांना. टिप्स झाल्यावर पाणी खरंच ओसरलं, रक्त परत आलं नाही. त्या बाबतीत मी टिप्सला कधीच नावं ठेवणार नाही, माणूस परत जिना चढायला लागला.

पण नंतर भ्रम सुरू झाला. एका सकाळी काकूंना ओळखेनात, शर्ट उलटा घालून दारात उभे, हात पुढे धरले की पंजे फडफडायचे. पोट साफ ठेवायचं लॅक्टुलोज होतंच, त्यात आतड्यातल्या जंतूंसाठी रिफॅक्झिमिन सुरू केलं, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना पाठ झालं. आता बरेच सावरलेत पण स्कूटरची किल्ली आम्ही काढून घेतली आहे आणि ती परत देणार नाही. ताई, तुमच्या बाबांची गाडी असेल तर आजच किल्ली लपवा, निर्णय व्हायचा तेव्हा होईल.

तुमच्या बाबांचं डोकं आत्ताच गोंधळतंय ना, मग टिप्स म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे नक्की विचारा की आणखी गोंधळलं तर पुढे काय करणार. ते चिडले तरी विचारा.

सुई_आणि_वायर

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, म्हणजे स्क्रीनवर बघत सुई आणि नळीने उपचार करण्याच्या विभागात काम करतो, याच प्रोसिजर करतो. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही आणि सीटीच्या फिल्म बघितलेल्या नाहीत, त्यामुळे निर्णय तुमच्याच डॉक्टरांचा. पण दोन डॉक्टर उलट का बोलतात ते समजावून सांगतो, कारण दोघंही चूक नाहीत, ते दोन वेगळ्या गोष्टींकडे बघतायत.

लिव्हरला जेवढं रक्त जातं त्यातलं साधारण पाऊण पोर्टल व्हेनमधून येतं, आतडी, प्लीहा, जठर सगळीकडचं गोळा होऊन. सिरॉसिसमध्ये लिव्हर आतून कडक आणि गाठाळ होतं, रक्ताला शिरायला जागा राहत नाही, प्रेशर वाढतं. लक्ष्मी रोड बंद केला की सगळी गर्दी पेठांच्या बोळांत घुसते तसं ते रक्त मग मिळेल त्या बारीक शिरांमधून हृदयाकडे जायला बघतं. त्या शिरा एवढ्या रक्तासाठी झालेल्याच नसतात, त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात, भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटते. हे प्रेशर आम्ही एचव्हीपीजी म्हणून मोजतो, नॉर्मल १ ते ५ मिमी पारा, दहाच्या वर गेलं की अशा शिरा तयार व्हायला लागतात, बाराच्या वर अन्ननलिकेतल्या शिरा फुटायचा धोका.

आता जठराच्या शिरांचं गणित वेगळं आहे आणि इथेच तुमच्या दोन डॉक्टरांचा रस्ता फुटतो. रिपोर्टवरचं जीओव्ही २ हे दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन यांनी केलेल्या वर्गवारीतलं आहे, जगभर तीच वापरतात. जीओव्ही २ म्हणजे अन्ननलिकेतून खाली जठराच्या वरच्या घुमटापर्यंत, ज्याला आम्ही फंडस म्हणतो तिथपर्यंत आलेल्या शिरा. या शिरा पुष्कळदा डाव्या किडनीच्या शिरेत जाऊन रिकाम्या होतात, तोच तुमचा गॅस्ट्रोरीनल शंट. बाबांचा १४ मिमी म्हणजे चांगलाच रुंद. यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे या शिरा तुलनेने कमी प्रेशरला पण फुटतात, मग फक्त प्रेशर उतरवून भागेलच असं नाही. दुसरी म्हणजे आतड्यातलं अमोनिया वगैरे जे लिव्हरने साफ करायचं ते लिव्हरला बगल देऊन थेट अंगभर आणि मेंदूत जातं. दिवसा झोप, रात्री जागरण, सही बिघडणं, हे सगळं त्यात बसतं. अर्थात साखर कमी होणं, सोडियम पडणं, इन्फेक्शन यानेही असंच होतं, ते आधी तपासून बाजूला काढायला हवं.

पार्टो जिच्यावरून निघालं ती बीआरटीओ नावाची पद्धत जपानमध्ये १९९० च्या दशकात पुढे आली. जांघेतून किंवा मानेतून नळी घालायची, डाव्या किडनीच्या शिरेत जायचं, तिथून उलट्या दिशेने शंटमध्ये शिरायचं, फुगा फुगवून बाहेर जायचा रस्ता अडवायचा आणि मग आतल्या फुगलेल्या शिरांमध्ये औषधाचा फेस भरायचा, आपल्याकडे एसटीएस म्हणजे सोडियम टेट्राडेसिल सल्फेट वापरतात. त्याने शिर आतून गोठून बंद होते. अडचण अशी की फुगा काही तास, कधी रात्रभर तसाच ठेवायला लागतो, आणि तो मधेच फुटला तर औषध पुढे निसटू शकतं. पार्टोमध्ये फुग्याच्या जागी धातूच्या जाळीचा प्लग कायमचा बसवतात आणि जिलेटिनचा चुरा भरतात, कोरियातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ती मांडली. फुग्याची भानगड संपली. नेहमीचा प्लग २२ मिमीपर्यंतच मिळतो आणि तो शंटपेक्षा मोठा घ्यावा लागतो, त्यामुळे फार रुंद शंटला पार्टो जमत नाही, तिथे कॉइल, म्हणजे धातूच्या तारेची वेटोळी वापरतात. १४ ला जमायला हरकत नसावी, पण शंटचा आकार, वळणं, सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे ते फिल्मवर बघूनच.

टिप्स पूर्ण उलट. मानेतल्या शिरेतून लिव्हरमध्ये जायचं, लिव्हरच्या आतूनच सुईने पोर्टल व्हेनपर्यंत वाट काढायची आणि तिथे स्टेंट बसवायचा, म्हणजे रक्ताला लिव्हरमधूनच नवा मोकळा रस्ता. असा स्टेंट माणसात पहिल्यांदा जर्मनीत १९८८ मध्ये बसवला, आता आवरण असलेले स्टेंट आल्यापासून ते पूर्वीसारखे पटकन बुजत नाहीत. प्रेशर १२ च्या खाली आणायचं हे ध्येय. बँडिंगने न ऐकणारा अन्ननलिकेतला रक्तस्राव आणि गोळ्यांना न जुमानणारं पाणी यासाठी टिप्ससारखं दुसरं काही नाही, वरती काकांचं लिहिलंय ते अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे. पण रक्त लिव्हरला टाळून जाण्याचं प्रमाण त्याने आणखी वाढतं, त्यामुळे साधारण तीनातल्या एका पेशंटला भ्रमाचा त्रास होतो. आधीच भ्रम असेल, बिलिरुबिन जास्त असेल, हृदय कमजोर असेल तर आम्ही हात आखडता घेतो. टिप्सच्या आधी टूडी इको त्यासाठीच सांगतात.

म्हणजे एका वाक्यात, टिप्स प्रेशर उतरवतं पण डोकं बिघडवू शकतं, बीआरटीओ किंवा पार्टो शिर बंद करतं आणि डोकं सुधारू शकतं पण प्रेशर वाढवतं. वाढलेलं प्रेशर मग पोटातल्या पाण्यातून, छातीत पाणी होऊन किंवा अन्ननलिकेतल्या शिरा मोठ्या होऊन बाहेर पडतं.

लिव्हर किती बिघडलंय ते मोजायचे दोन स्कोर असतात, जेवढा जास्त तेवढं वाईट. तुमच्या आकड्यांवर चाइल्ड स्कोर काढला तर ८ येतो, म्हणजे ए, बी, सी यातला मधला बी गट, आणि मेल्ड १२ च्या आसपास. रुंद शंट, फंडसमधली शिर, डोक्याचा गोंधळ, लिव्हरमध्ये अजून बऱ्यापैकी जोर, हे सगळं कागदावर पार्टोच्या बाजूने झुकतं. विरुद्ध बाजूला पोटातलं पाणी. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत जी मला सगळ्यात आधी हवी असते, पोर्टल व्हेन उघडी आहे का? तिच्यात गुठळी होऊन ती पूर्ण बंद असेल तर शंट हीच रक्ताची बाहेर जायची मुख्य वाट असते, ती बंद करणं धोक्याचं. रिपोर्टमध्ये बघून सांगा.

मुठाकाठची

एवढं कोणी समोर बसवून पण सांगितलं नव्हतं, खूप खूप आभार. रिपोर्ट काढून बघितला, पोर्टल व्हेन उघडी आहे, गुठळी नाही असं स्पष्ट लिहिलंय. सोडियम १३६. शुगर घरी चेक करतो, लो होत नाहीये.

सहीचं आणि झोपेचं आमच्या डॉक्टरांना माहीत आहे, पण सेकंड ओपिनियनवाल्यांना आम्ही सांगितलं नव्हतं कारण तेव्हा ते एवढं ठळक नव्हतं. आज फोन करून सांगितलं तर ते म्हणाले मग मला फाइल परत बघू द्या. बरं वाटलं ऐकून.

अजून दोन शंका. ग्लू एकदा दिलंय आणि रक्त थांबलंय, मग तेच परत परत देत राहिलं तर नाही का चालणार? आणि मामा म्हणतायत हे सगळं कशाला, सरळ लिव्हर ट्रान्सप्लांट करा, मी पैसे उभे करतो. मामा मनापासून म्हणतायत, त्यांना काय उत्तर देऊ?

सुई_आणि_वायर

ग्लू वाईट नाही, रक्त वाहत असताना तोच पहिला उपाय आहे आणि त्याने बाबांचा जीव वाचलाय. पण शंट मोकळा असताना ग्लू शिरेच्या फुगलेल्या भागात बसतं, मागचा प्रवाह चालूच राहतो, म्हणून पुन्हा रक्तस्रावाची शक्यता राहते. ग्लू आणि बीआरटीओची समोरासमोर तुलना झालेली आहे आणि त्यात बीआरटीओनंतर पुन्हा रक्त येण्याचं प्रमाण कमी निघालं. दुसरं म्हणजे शंट रुंद असला की ग्लूचा तुकडा वाहत फुप्फुसात जाऊ शकतो. काही ठिकाणी एंडोस्कोपिक सोनोग्राफीने बघत आधी कॉइल आणि मग ग्लू घालतात, त्याने हा धोका कमी होतो, तुमच्याकडे ती सोय असेल तर तो पर्यायही विचारात घेता येतो. पण शंटमुळे डोक्यावर होणारा परिणाम नुसत्या ग्लूने जात नाही.

मामांना सांगा की ट्रान्सप्लांट हा एकमेव उपाय आहे जो लिव्हरच बदलतो, बाकी आम्ही जे करतो ते रक्ताच्या वाटा बदलणं आहे, लिव्हर तेच राहतं. पण आज मेल्ड १२ आहे, रक्ताची भीती आत्ताची आहे, ती आधी मिटवायला हवी. ट्रान्सप्लांटच्या टीमला एकदा दाखवून ठेवा, नाव नोंदवायची वेळ आली तर पुण्यात झेडटीसीसी या अवयवदान समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादी चालते, ती प्रक्रिया हॉस्पिटलच करतं. पार्टो केल्याने पुढचं ट्रान्सप्लांट अडत नाही. टिप्सचा स्टेंट मात्र योग्य जागी बसलेला लागतो, फार आत किंवा फार वर गेला तर सर्जनला नंतर त्रास होतो.

समाजसेवा_कक्ष

पैशांचं मी सांगते, हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते.

अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. बिल तयार झाल्यावर लोक रडत आमच्याकडे येतात आणि तेव्हा आमच्या हातात फारसं उरलेलं नसतं.

पहिलं, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्र बसतात, त्यांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रोसिजरचं नाव दाखवा आणि पॅकेजमध्ये नेमकं काय बसतं, प्लग किंवा स्टेंट त्यात धरलाय का, मंजुरी आधी घ्यायची का ते विचारून लिहून घ्या.

दुसरं, पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार एवढी कागदं तयार ठेवा, दाखला निघायला वेळ लागतो म्हणून आत्ताच अर्ज करा. कोणी नाही म्हणालं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी द्या, तोंडी भांडत बसू नका. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो, त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

तुम्ही या उत्पन्नात बसत नसाल तर मेडिक्लेमवाल्यांकडून आधीच कॅशलेसची मंजुरी घ्या आणि अंदाजपत्रकात प्लग, कॉइल, कॅथलॅबचा चार्ज, आयसीयू हे वेगवेगळं लिहून मागा. एकच मोठा आकडा देतील तर फोड करून मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

कात्रजघाट

जेवणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आम्हाला ओळखीच्या एकाने सांगितलं होतं डोकं गोंधळतंय म्हणजे डाळ, दूध, अंडं सगळं बंद करा. आईच्या डाएटिशियन बाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला. सिरॉसिसमध्ये स्नायू आधीच झडत असतात आणि अमोनिया साफ करायला स्नायूपण मदत करतात, त्यामुळे वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीतच, फक्त थोडी थोडी विभागून. आणि रात्री उपाशी झोपवायचं नाही, झोपताना काहीतरी खायला द्यायचं. आईला आम्ही सातूचं पीठ नाहीतर पनीर आणि अर्धी पोळी द्यायचो. तुमच्या बाबांना शुगर आहे तर प्रमाण विचारून घ्या.

दुखलं खुपलं तर ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असलं काही घरात ठेवूच नका. आणि भेटायला येणाऱ्यांना आम्ही दारातच सांगायचो की शुगर आणि फॅटी लिव्हरनेही सिरॉसिस होतं, आणि आईसमोर याच्यावर एक शब्द नको. बहीण स्पष्ट बोलणारी आहे, तिने हे काम घेतलं. तुमच्याकडे मामा आहेत ना, त्यांना हे काम द्या, ते नक्की करतील.

मुठाकाठची

सगळ्यांना सांगायला आले. फाइल परत बघून सेकंड ओपिनियनवाल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं आणि आता दोघंही पार्टो म्हणतायत. पोटातलं पाणी आधी गोळ्यांनी थोडं कमी करायचं, मग पुढच्या आठवड्यात अ‍ॅडमिट. लॅक्टुलोज सुरू केलंय, दिवसाला दोन तीन वेळा मऊ शी व्हायला हवी असा डोस ठेवायचा म्हणाले. बाबांना सगळं नीट समजावलं, ते म्हणाले आधी का नाही सांगितलं, मी काय लहान आहे का. स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःच काढून आईकडे दिली.

मामांना भेटायला येणाऱ्यांचं काम दिलंय. उत्पन्नात आम्ही बसत नाही, मेडिक्लेमची मंजुरी आली, प्लगचं वेगळं लिहून घेतलं.

शेवटचं विचारते. बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात आणि शिरांचं प्रेशर कमी ठेवायला कार्व्हेडिलॉल सुरू आहे, प्रोसिजरच्या आधी बंद करायचं का? आणि घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवू?

सुई_आणि_वायर

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. कॉन्ट्रास्ट जाणार आहे म्हणून मेटफॉर्मिन किती तास थांबवायचं ते किडनीच्या रिपोर्टवर ठरतं, अ‍ॅडमिशनच्या आधी फोन करून विचारा. कार्व्हेडिलॉल सहसा चालू ठेवतो, बीपी फार कमी असेल किंवा पाणी खूप असेल तरच डॉक्टर बदलतात. रक्त पातळ करायची एखादी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती आत्ताच सांगून ठेवा, लोक हमखास विसरतात.

औषधाचा फेस वापरला असेल तर पहिले एक दोन दिवस लघवी लालसर होऊ शकते, हलका ताप आणि डाव्या कुशीत दुखणं पण चालतं, त्यासाठी काय घ्यायचं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. घरी आल्यावर रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा, झपाट्याने वाढलं तर पाणी साचतंय. कागदावर रोज एक सही करून घ्या, तारखेसकट, ती वही पुढच्या भेटीला घेऊन जा, आम्हाला त्यातून खूप कळतं. थंडी वाजून ताप, पोट फुगणं, दम लागणं, काळी शी, रक्ताची उलटी, उठवूनही जागे न होणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी.

आणि डिस्चार्जच्या आधीच दोन तारखा मागून घ्या, एक शिर बंद झाली का ते बघायच्या सीटीची, आणि दुसरी काही आठवड्यांनंतरच्या एंडोस्कोपीची. त्या लहान असलेल्या अन्ननलिकेतल्या शिरा आता वाढू शकतात, वाढल्या तर तेव्हाच बँडिंग करून टाकतात. बरं वाटायला लागलं की पेशंट ही दुसरी तारीख चुकवतात, ती तुम्ही आत्ताच कॅलेंडरवर टाका.